सुलतान तळघरात, गाईड उन्हात

मे महिन्यातल्या एका दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मध्य प्रदेशातल्या मांडवच्या (मांडूच्या) रूपमती महालाच्या पायऱ्यांवर एक गाईड कोसळतो. त्याला मुद्दाम नाव दिलेलं नाही, कारण तो कोणी एक माणूस नाही आणि हा दिवस कल्पिलेला आहे. पण वाट, वास्तू, सूर्य आणि उन्हात शरीराचं जे होतं ते, यांतलं काही कल्पिलेलं नाही. हे त्याचे शेवटचे दहा तास. प्रत्येक तासाला सुटकेचं एक दार उघडं होतं. ते कोणी लावलं, एवढंच बघायचं आहे.

पहाटे ५.१५ (उरले दहा तास पाच मिनिटं)

धार शहर, वरच्या मजल्यावरची खोली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ऊन खाली सोडत होता. पंखा फिरत होता, पण गरम हवाच फिरवत होता. माळव्याची रात्र एकेकाळी इतकी नावाजलेली की 'शब-ए-मालवा' हा शब्दच रूढ झाला. दिवस कितीही तापो, रात्री वारा सुटणार आणि माणूस निवणार, असा त्याचा भरवसा. आता सिमेंटच्या घरात तो भरवसा उरलेला नाही. उन्हाची झीज शरीर रात्रीच्या गारव्यात भरून काढतं. गाईडची ही तिसरी रात्र गारव्याविना गेली आहे.

घर मराठी. मराठा सरदार पवारांबरोबर माळव्यात आलेल्या आणि इथलेच झालेल्या कुटुंबांपैकी एक. घरात मराठी, गल्लीत माळवी, गिऱ्हाइकाशी हिंदी. ज्या धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसरा बाजीराव जन्मला, तो किल्ला ह्याने शेकडो मराठी पर्यटकांना दाखवला आहे. वय शेहेचाळीस, वजन साठ किलो. गेला आठवडा जुलाबात गेला. पोट कालपासून थांबलं, पण अंगातलं गेलेलं पाणी आणि मीठ अजून भरून आलेलं नाही.

लघवी गडद पिवळी होते. शरीराने दिलेली ही पहिली खबर.

"अहो, आज नका जाऊ. तोंड बघा आरशात."

"अगं, पुण्याची गाडी आहे. चौदा माणसं. मे महिन्यात रोज कुठे येतात?"

बोलणं दोघांचंही खरं आहे. मांडवचा खरा हंगाम पावसाळा. तळी भरतात, दरीतून ढग वर येतात, तेव्हा माणसांचा लोंढा येतो. जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये इथला पावसाळा अनुभवला आणि त्याचं तोंडभर कौतुक करून ठेवलं. उन्हाळ्यात येतात ती शाळांच्या सुटीमुळे येणारी कुटुंबं. गाईडला पगार नाही. फेरी झाली तर पैसे, नाही झाली तर नाही. आजारपणाची रजा हा शब्द त्याच्या धंद्यात नाही.

पहिलं दार लागलं. ते अज्ञानाने लागलं नाही, पोटाने लावलं.

सकाळी ६.३० (उरले आठ तास पन्नास मिनिटं)

सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवला आहे. मोटारसायकलवरून धार ते मांडव पस्तीस किलोमीटर. पोटात फक्त चहा. पोहे नको वाटले. हवा अजून सुसह्य आहे आणि वाटेवर गोरखचिंचेची अजस्र झाडं उभी आहेत. सोंडेसारख्या फांद्या, भिंतीएवढा बुंधा. आफ्रिकेतून शतकांपूर्वी आलेलं हे झाड मांडवची ओळख झालं आहे. त्याची फळं रस्त्याकडेला 'मांडूची इमली' म्हणून विकतात. झाड मोठं असलं तरी सावलीला कामाचं नाही. कोरड्या दिवसांत ते पानं गाळून पावसाची वाट बघतं.

आजारातून उठून कामावर येण्याचा हा पहिला दिवस. उन्हात काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात घातक दिवस हेच असतात. उन्हाची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत होते. मग घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. आजारपणात ही कमाई खर्च होते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याच्या नोंदींप्रमाणे उघड्यावरच्या कामात उष्णतेने होणारे निम्म्याहून जास्त मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतले असतात. म्हणून त्यांचा नियम असा, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या एक पंचमांश वेळच ठेवायचं आणि मग रोज तेवढंच वाढवायचं. जुन्या माणसाने खंडानंतर परत यावं ते निम्म्या दिवसापासून.

ह्याला आज पूर्ण दिवस आहे.

सकाळी ८.०० (उरले सात तास वीस मिनिटं)

मांडवचा चौक. एका बाजूला जामा मशीद, समोर अशर्फी महाल. ठरलं होतं आठला सुरू करायचं. फोन येतो: "दादा, आम्ही इंदूरहून आत्ता निघतोय. मुलं उठलीच नाहीत. नाश्ता करून येतो."

इंदूर इथून शंभर किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दहा वाजलेच.

आजची सगळ्यात मोठी चोरी ही. सहा ते दहा हे चार तास मांडवमध्ये उन्हाळ्यातल्या कुठल्याही दिवशी सोन्यासारखे. दगड रात्रीतून निवलेला असतो, सूर्य तिरपा असतो, प्रत्येक भिंतीच्या एका बाजूला रुंद सावली असते. पुरातत्त्व खात्याची बहुतेक स्मारकं सूर्योदयापासून उघडी असतात. चार तास गेले ते पर्यटकांच्या झोपेत आणि जिलबीत. भरपाई मात्र गाईडच्या अंगातून वसूल होणार आहे.

तो चहा पितो. आणखी एक चहा पितो. पाण्याची लिटरची बाटली विकत घेतो.

सकाळी १०.१० (उरले पाच तास दहा मिनिटं)

गाडी येते. गार हवेची मिनीबस, चौदा माणसं, त्यात दोन आजी आणि चार मुलं. "दादा, आम्हाला संध्याकाळपर्यंत महेश्वर गाठायचंय. चारला सोडा."

क्रम ठरतो तो इथे, आणि क्रमातच सगळं आहे. शहाणा क्रम असा, की उघडं आणि उंच ते सकाळी, म्हणजे आधी रूपमती. छताखालचं आणि दाट भिंतींचं ते नंतर, म्हणजे जहाज महालाचा परिसर. पण बस चौकात उभी आहे, जहाज महाल जवळ आहे, आणि रूपमती ही सुलतान बाजबहादूरच्या प्रेमकथेतली नायिका असल्याने ती शेवटी आलेली लोकांना आवडते. गाईड दोन शब्द बोलून बघतो. "काका, आधी वर जाऊन येऊ का? नंतर ऊन फार होतं."

"अहो, उन्हाचं काय घेऊन बसलात! आम्ही सोलापूरचे मूळचे."

हशा होतो. गाईडही हसतो. हसणं हा त्याच्या धंद्याचा भाग आहे, आणि 'नाही' म्हणणं नाही.

सकाळी ११.१५ (उरले चार तास पाच मिनिटं)

जहाज महाल. दोन तळ्यांच्या मधोमध नांगरल्यासारखी सुमारे १२० मीटर लांब इमारत. शेजारी हिंदोळा महाल, बाहेरच्या भिंती बुडाशी फाकलेल्या, जाड आणि कलत्या. आणि मागे चंपा बावडी.

चंपा बावडीशी गाईडचा आवाज नेहमी खुलतो. विहिरीच्या पोटातून वाटा काढून तळघरातल्या खोल्यांत नेलेल्या आहेत. वरचं ऊन तिथे पोचत नाही, पाण्याला लागून आलेली गार झुळूक पोचते. "बघा ताई, पंधराव्या शतकात हे लोक एसी वापरत होते," हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. सगळे वाहवा करतात.

खरं तर ही सगळी नगरी म्हणजे उन्हाळा कसा काढावा याचा दगडात लिहिलेला आराखडा आहे. माळव्याच्या सुलतानांनी जाड भिंती घातल्या, खोल सज्जे काढले, पाण्याचे हौद छतापर्यंत चढवले, आणि दुपार झाली की ते स्वतः खाली उतरले. पाण्याची गरज त्यांना पक्की ठाऊक होती, कारण डोंगरमाथ्यावर ते सहज मिळत नाही. १६१७ मध्ये जहांगीरच्या मागोमाग इथे आलेला इंग्रज वकील टॉमस रो याच्या रोजनिशीत मांडवच्या पाणीटंचाईचे हाल नोंदलेले आहेत.

दुपारी तळघरात उतरायचं, ही गोष्ट गाईड रोज सांगतो. ती सांगून झाली की बाहेर उन्हात येतो.

त्याच्या अंगावर घाम दिसत नाही. माळव्याच्या उन्हाचा हा कावा आहे. मुंबईत घाम निथळतो म्हणून माणूस घाबरतो आणि पाणी पितो. इथली हवा इतकी कोरडी, की घाम सुटतो तसा उडून जातो. सदरा कोरडा राहतो आणि पाणी चाललंय हे कळतच नाही. हीच कोरडी हवा फुप्फुसांना मानवेल म्हणून कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला येऊन राहिले आणि बरे होऊन पुन्हा गायले. आजारी फुप्फुसाला जी हवा औषध ठरली, तीच दुपारी चालणाऱ्या माणसाला न कळत सुकवते.

हिशेब मांडू. कडक उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. दहापासून तीनपर्यंत चार-पाच लिटर. त्याशिवाय हा माणूस सतत बोलतो आहे, तेही चौदा जणांना ऐकू जाईल इतक्या चढ्या आवाजात. प्रत्येक वाक्याबरोबर तोंडातली ओल बाहेर जाते. आत्तापर्यंत तो अर्धा लिटर पाणी प्यायला आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, असा साधा नियम. पण मध्येच थांबून पाणी पिणं म्हणजे गोष्ट तोडणं. आणि पाणी प्यायलं तर जायचं कुठे, हाही प्रश्न आहे. बाई गाईड असेल तर तो दुप्पट मोठा.

दुपारी १२.२५ (उरले दोन तास पंचावन्न मिनिटं)

सूर्य माथ्यावर. घड्याळातले बारा नव्हेत, मांडवचा खरा मध्यान्ह हा. कर्कवृत्त इथून फार दूर नाही, त्यामुळे मेच्या मध्यावर सूर्य जवळजवळ उभा डोक्यावर असतो. दहा फुटी भिंतीची सावली जेमतेम वीतभर पडते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तर ती तेवढीही राहत नाही, शून्य सावलीचा दिवस येतो. 'सावलीत उभे राहा' हा सल्ला या वेळी मांडवच्या उघड्या चौकात निरर्थक आहे.

सुलतान होशंगशाहाची कबर. संगमरवराची, ताजमहालाच्या दोनशे वर्षं आधीची. शाहजहानचे स्थपती १६५९ मध्ये इथे येऊन गेल्याचा लेख दारावर आहे. शेजारीच १४५४ मध्ये पुरी झालेली जामा मशीद, उंच जोत्यावर. पायऱ्या चढून वर, उघडं अंगण ओलांडून पलीकडे.

इथे गाईड म्हणतो, "ही कबर १५४० च्या सुमाराची."

पुण्याचे काका पाटीवर बघतात. "दादा, १४४० हो!"

"हां हां, चौदाशे. सॉरी."

वीस वर्षांत हा आकडा त्याने चुकवलेला नाही. शरीराचं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी घटलं तरी लक्ष विस्कटू लागतं. मजुराचा हात चुकतो, ड्रायव्हरचा पाय चुकतो, गाईडचं साल चुकतं. दिवसातला सगळ्यात स्पष्ट इशारा हाच होता, आणि तो विनोद म्हणून निघून गेला.

याच प्रहराची एक खरी गोष्ट इथे सांगितली पाहिजे. १६ एप्रिल २०२३, रविवार, नवी मुंबईतलं खारघर. आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा सोहळा उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत चालला. लाखो लोक आले होते, कित्येक जण आदल्या रात्रीपासून. मंचावर छत होतं, मैदानावर नव्हतं. जवळच्या वेधशाळेत त्या दिवसाचं कमाल तापमान होतं ३८ अंश. पंचेचाळीस नव्हे, अडतीस. चौदा माणसं गेली.

खारघरने शिकवलं ते हे, की मृत्यू आकड्यात नसतो, तासांत असतो. किती वेळ, किती उपाशी, किती तहानलेला, सावलीपासून किती दूर, आणि उठून जायची मोकळीक आहे की नाही. वेधशाळेचा पारा लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर वर असतो. गर्दीतला किंवा दगडावरचा माणूस त्या पेटीत नसतो. त्या घटनेनंतर काही दिवसांतच महाराष्ट्र सरकारने उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावरच्या कार्यक्रमांना मनाई केली. हा नियम चौदा चितांच्या उजेडात लिहिला गेला. कार्यक्रमाला लागू झाला, कामाला नाही.

दुपारी १.२० (उरले दोन तास)

जेवण. मंडळी गार हॉटेलात बसतात. दाल-बाफले, ताक, आइस्क्रीम. "दादा, तुम्ही पण बसा ना!" असं आजी म्हणतात खऱ्या, पण टेबलं भरलेली आहेत आणि रीत अशी, की गाईड आणि ड्रायव्हर बाहेर. बाहेर पत्र्याची शेड. पत्रा वरून तापवतो, फरशी खालून.

ही वीस-पंचवीस मिनिटं त्याला वाचवू शकली असती. गार खोली, ओला पंचा मानेवर, ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताक, काहीही. पण गाईडने विसाव्याला बसावं अशी जागा नाही, माठ नाही, पंखा नाही, संडास नाही. तो अर्धी पोळी खातो, मळमळतं म्हणून ठेवून देतो. खिशात घरून दिलेला कांदा आहे. खिशातला कांदा ऊन अडवत नाही, पण घरच्यांची काळजी त्यात बांधलेली असते.

डोकं ठणकतंय. पोटरीत गोळा आला आहे. याला उष्णतेचा थकवा म्हणतात. इथून परत फिरता येतं, अगदी सहज: आडवं व्हायचं, गार व्हायचं, प्यायचं आणि आजचं काम संपवायचं.

"निघायचं का दादा? उशीर होतोय."

दुपारी २.१० (उरला एक तास दहा मिनिटं)

रूपमतीच्या वाटेवर इको पॉइंट. इथे हाक मारली की समोरच्या वास्तूवरून तशीच परत येते. मुलांना भारी हौस. गाईडने आधी ओरडून दाखवायचं असतं. तो ओरडतो. घसा फाटल्यासारखा होतो. प्रतिध्वनी स्वच्छ येतो, मुलं टाळ्या पिटतात.

"अजून एकदा काका!"

तो अजून एकदा ओरडतो.

दुपारी २.४५ (उरली पस्तीस मिनिटं)

सूर्य कलला, म्हणून ऊन उतरलं असं नाही. दगड आणि जमीन तापून हवा तापते, त्यामुळे पारा सर्वांत वर जातो तो तीनच्या आसपास. रूपमती महाल पठाराच्या दक्षिण कड्यावर उभा आहे, खाली सुमारे ३६५ मीटरवर नर्मदाकाठचं निमाड. सखल निमाड माळव्याहूनही तापतं आणि तिथली झळ कड्यावरून वर येते. हवेचं तापमान कातडीच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा वर गेलं की वारा गारवा देत नाही, भट्टीच्या तोंडासारखा अंग तापवतो. आता शरीराकडे एकच हत्यार उरतं, घाम. लिटरभर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण घामाला पाणी लागतं, आणि ह्याच्या अंगातलं पाणी संपत आलं आहे. सकाळपासून प्यायला तो सव्वा लिटर, गेलं चारच्या वर. साठ किलोच्या माणसाला ही तूट वजनाच्या चार-पाच टक्क्यांवर जाते.

बस खाली थांबते. वर चढ, मग पायऱ्या.

दुपारी ३.०५ (उरली पंधरा मिनिटं)

वर पोचल्यावर नर्मदा दाखवायची असते. आख्यायिका अशी, की रूपमती रोज नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेत नसे, म्हणून हा महाल. स्वच्छ हवेत दूरवर रुपेरी रेघ दिसते. आज धुरकट झळांत काही दिसत नाही. ज्यासाठी चढले, तेच नाही.

"कुठाय नर्मदा?" मुलगी विचारते.

गाईड हात उचलतो, चुकीच्या दिशेला. मग एकदम खेकसतो, "दिसत नाही का? समोर आहे!" मंडळी चपापतात. दिवसभर गोड बोलणारा माणूस. "दादांचा मूड गेला वाटतं," कोणी पुटपुटतं.

मूड गेलेला नाही. शरीराच्या आतलं तापमान चाळीसच्या पुढे सरकलं आहे आणि मेंदू शिजू लागला आहे. चिडणं, बरळणं, झोकांडी, दिशा चुकणं ही उष्माघाताची खूण. ताप किती हे हात लावून नीट कळत नाही आणि घाम थांबायलाच पाहिजे असंही नाही. उन्हातला माणूस वेड्यासारखा वागू लागला, की तो उष्माघात आहे असंच धरून चालायचं.

दुपारी ३.२०

उतरताना तिसऱ्या पायरीवर पाय मुडपतात. तो बसत नाही, कोसळतो.

दुपारी ३.२० ते ३.५०

आता नवं घड्याळ सुरू होतं, तीस मिनिटांचं. या अर्ध्या तासात आतलं तापमान ३९ च्या खाली आलं तर माणूस बहुधा वाचतो. जितका उशीर, तितके मूत्रपिंड, यकृत, मेंदू एकेक करून हातातून जातात.

गर्दी जमते, म्हणजे वारा अडतो. कोणी बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओततं. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कोणी तापाची गोळी शोधतं. हा ताप त्या गोळीने उतरत नाही. कोणी म्हणतं, "उचला, गाडीत घाला, धारला न्या." धारचं जिल्हा रुग्णालय पस्तीस किलोमीटर, घाटाची वाट. अर्धा तास रस्त्यातच संपेल.

करायचं ते उलट होतं. आधी गार करा, मग हलवा. १०८ ला फोन एकाने लावावा, बाकीच्यांनी त्याला आडोशाला नेऊन कपडे सैल करावेत, असेल नसेल ते पाणी अंगावर ओतत राहावं आणि चादरीने जोरात वारा घालावा. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा. सर्वांत उत्तम म्हणजे माणूस ताडपत्रीच्या झोळीत घालून बर्फाच्या पाण्यात भिजवणं. चौदा जणांच्या बसमध्ये वीस बाटल्या गार पाणी होतं. कोणाला सुचलं नाही, कारण कोणाला सांगितलेलंच नव्हतं. आणि त्या गटात अशा गोष्टी सांगायचं काम ज्याचं, तोच पायरीवर पडला होता.

हाच दिवस, दुसऱ्या तऱ्हेने

आता तेच घड्याळ पुन्हा लावू.

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग बघायचा: पिवळा, नारिंगी की लाल. पर्यटक इंदूरऐवजी मांडवलाच मुक्काम करतात. सकाळी सहाला रूपमती. कोवळ्या उन्हात नर्मदा दिसण्याची शक्यताही तेव्हाच जास्त. आठला बाजबहादूरचा महाल, नऊला जहाज महाल, साडेदहाला चंपा बावडी, अकराला पूर्णविराम. अकरा ते साडेचार सुलतानांनी केलं तेच करायचं, म्हणजे आत बसायचं. पाचनंतर मशीद आणि कबर. देवासची जुनी माणसंही चामुंडेची टेकडी पहाटेच चढतात. ते त्यांना कुठल्या परिपत्रकाने शिकवलेलं नाही.

परदेशाचं कौतुक म्हणून नाही, पण दुपारी थांबणं परदेशात झालेलं आहे. अथेन्सचं ॲक्रोपोलिस हे ग्रीसमधल्या पर्यटनाचं सर्वांत मोठं आकर्षण. जुलै २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत आणि पुन्हा जून २०२४ मध्ये ते भर दुपारी काही तास बंद ठेवलं गेलं. २०२३ मध्ये तिथल्या रखवालदारांनी दिवसातले काही तास काम थांबवून संप केला होता. त्यांना संघटना होती आणि पगार होता, म्हणून ते 'नाही' म्हणू शकले. आपल्याकडे अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या मृत्यूंनंतर २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता-आराखडा केला. आराखडे आता अनेक शहरांचे आहेत. स्मारकांचे कुठे आहेत?

लागणारं सामान फार नाही. प्रत्येक मोठ्या स्मारकाच्या दारात गाईड आणि ड्रायव्हरसाठी एक खोली: माठ, कूलर, संडास, ओआरएसचा डबा. एक ताडपत्री आणि बर्फाची पेटी. गळ्यात अडकवायचा छोटा माईक, म्हणजे ओरडावं लागत नाही. फिकट सुती गणवेश आणि छत्री. लाल इशाऱ्याच्या दिवशी गाईडची जोडी, एकाने दुसऱ्याच्या चुकणाऱ्या सालांवर लक्ष ठेवायला. आजारातून उठलेल्याला अर्धा दिवस.

पण या यादीतली खरी वस्तू शेवटची आहे आणि ती विकत मिळत नाही. ऊन वाढलं म्हणून फेरी आखडली तरी गाईडला पैसे पूर्ण मिळाले पाहिजेत. पुरातत्त्व खातं, पर्यटन मंडळ, प्रवास कंपन्या, ज्यांच्या पुस्तिकेवर जहाज महालाचं चित्र असतं त्या सगळ्यांनी मिळून एवढी हमी द्यायची आहे. नाहीतर माठ भरून ठेवला तरी तो माणूस माठापाशी थांबणार नाही. पहाटे सव्वापाचचं दार पैशाने लागलं होतं. ते पैशानेच उघडतं.

तोवर काम आपल्याकडे आहे, कारण बस आपली आहे. येत्या मे महिन्यात मांडवला जाणार असाल तर आदल्या रात्री गाईडला एक फोन करा आणि सांगा: "दादा, उद्या सहाला निघू, अकराला थांबू. पैसे पूर्ण दिवसाचे. आणि जेवायला आमच्याच टेबलावर."